पत्र्याला घाम फुटतो त्याची गोष्ट

"अरे, छप्पर गळतंय."

"बाबा, जानेवारी आहे. पाऊस कुठे पडतोय?"

"पाऊस नाही म्हणूनच तर फोन केला ना!"

हा संवाद २०२१ च्या जानेवारीतला, सकाळी साडेसहाचा. मी पुण्यात अर्धवट झोपेत, बाबा महाडला माळ्याच्या जिन्यावर उभे. मी "बघू वीकेंडला" म्हणून फोन ठेवला आणि कूस बदलली. हे प्रकरण पुढची चार वर्षं पुरणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी उठून बसलो असतो.

तर मंडळी, आजचा लेख आमच्या महाडच्या घराच्या माळ्याबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण कोकणात गावाकडचं घर असलेल्या आणि कौलं काढून पत्रे टाकलेल्या (किंवा टाकायच्या विचारात असलेल्या) सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा. तुमचे पैसे वाचतील. आमचे गेले.

आधी थोडं मागे जाऊ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि तिथून आत घुसलं. टीव्हीवर सगळं लक्ष किनाऱ्याकडे होतं, पण माणगाव, महाड, पोलादपूरकडेही वाऱ्याने छपरं सोडली नाहीत. लॉकडाऊनमुळे मी तेव्हा महाडलाच होतो, लॅपटॉप घेऊन घरून काम. दुपारी आमची मंगलोरी कौलं पत्त्यांसारखी उडताना मी स्वतः बघितली. अर्धं पाखं उघडं पडलं. पाऊस तोंडावर, कौलं मिळेनात, मिळाली तर चढवायला माणूस मिळेना.

बाबांचं म्हणणं होतं, तात्पुरती ताडपत्री टाकू आणि दिवाळीनंतर परत कौलंच घालू. माझं म्हणणं, पत्रे टाका. रंगीत, छान, एका आठवड्यात काम. दरवर्षी आगोटीला कौलं परतायची कटकट नाही, माकडांनी फोडायची भीती नाही, वादळात एकेक उडायची भानगड नाही. मी तर एक्सेल शीट करून दहा वर्षांचा खर्चही मांडला होता. बाबांनी शीट बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तू म्हणतोस तर घाल."

ह्या वाक्याचं ओझं किती असतं ते मुलांना कळेल.

असो. पत्रे लागले. पहिला पावसाळा ठणठणीत कोरडा गेला. मी खूश. आणि मग जानेवारीत तो फोन.

मी शनिवारी गेलो. माळ्यावर फळ्यांवर पाण्याचे ठिपके, पत्र्याच्या खालच्या बाजूला ओळीने थेंब. मी लगेच निदान केलं: स्क्रूंचे रबरी वॉशर नीट बसलेले नाहीत. पाऊस नसताना वॉशरमधून पाणी येईल कुठून, हा प्रश्न मला पडलाच नाही. कोडमध्ये बग दिसला की आधी दुसऱ्याच्या मॉड्यूलकडे बोट दाखवायची सवय असते, त्यातलाच प्रकार. प्रत्येक स्क्रूवर सिलिकॉनचा थर दिला आणि पुण्याला परत आलो. थेंब पडतच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, चार थेंबांचं एवढं काय? त्यासाठी महाडमध्ये माळा म्हणजे काय ते सांगायला हवं.

पुण्या-मुंबईत माळा म्हणजे जुन्या सुटकेसा आणि न लागणारा पंखा ठेवायची जागा. महाडला तसं नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते. इथेच तिला गांधारी आणि काळ भेटतात. वर घाटमाथ्यावर ढग फुटले की पाणी थेट आमच्या बाजारपेठेत. त्यामुळे आमच्याकडे जे वाचवायचं असतं ते माळ्यावर जातं. जमिनीचे कागद, लग्नाचे अल्बम, आजीची नऊवारी, देवाची पितळी भांडी, वर्षाची बेगमी. आणि आमच्या घरात आणखी एक गोष्ट: आजोबांच्या वह्या.

आजोबांचं छोटं धान्याचं दुकान होतं. हिशेबाच्या वह्यांच्या मागच्या पानांवर ते पावसाची नोंद करायचे. कुठल्या तारखेला पाणी उंबऱ्याला लागलं, कितव्या पायरीपर्यंत चढलं, किती वाजता उतरायला लागलं. २००५ च्या जुलैतली नोंद त्यांच्या शेवटच्या नोंदींपैकी एक. त्या पावसात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. अक्षर थरथरतं आहे, पण वेळ मिनिटासकट लिहिलेली आहे. आमच्याकडे हीच लॉग फाइल! पुराचं पाणी चढायला लागलं की बाबा अजूनही ह्या वहीच्या आधाराने ठरवायचे, सामान आता हलवायचं की थांबायचं.

मग २२ जुलै २०२१ उजाडली. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला. संध्याकाळी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. रात्री आमच्या घरात पाणी शिरलं ते माळ्याच्या जिन्यावर वरून तिसऱ्या पायरीपर्यंत. आई-बाबा माळ्यावर, सोबत ट्रंक, कंदील आणि शेजारची मांजर. फोन बंद, वीज बंद. मी पुण्यात रात्रभर जागा, घाटातून जायचे रस्ते बंद. चोवीस तारखेला कसाबसा पोचलो तेव्हा गावात नुसता चिखल आणि वास. आई-बाबा सुखरूप होते. ट्रंकही.

त्या दिवशी बाबा एक गोष्ट बोलून गेले ती अजून डोक्यात आहे. "कौलं असती तर दोन सरकवून बाहेर डोकं काढलं असतं. पत्र्याखाली नुसता आवाज. पाणी कुठवर आलंय, बाहेर कोण हाका मारतंय, काही कळत नव्हतं." त्यांनी मला दोष दिला नाही, नुसतं सांगितलं. पण मी जे डिझाइन केलं होतं त्यात बाहेर पडायचा रस्ताच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

पुरानंतर घर सुकायला वर्ष लागलं. जुन्या जाड भिंती पाणी पितात आणि मग महिनोन्‌महिने ते हळूहळू सोडत राहतात. त्या हिवाळ्यात माळ्यावर थेंब नाही, चक्क रिमझिम होती. आता मी दुसरी हुशारी केली. पत्र्याखाली वाशांना प्लॅस्टिकची ताडपत्री ठोकून घेतली, म्हणजे थेंब खाली पडायला नकोत. आणि भिंतीच्या त्रिकोणातले दोन झरोके, ज्यातून पावसाचे तुषार यायचे, तेही बंद करून टाकले. थेंब दिसेनासे झाले. बग क्लोज!

दोन वर्षांनी, २०२३ च्या दिवाळीत, आईने ट्रंक उघडली.

कुबट वास आधी आला. मग पांढरी-हिरवी बुरशी. आजीच्या एका नऊवारीवर काळे डाग, अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटलेले. आणि वह्या. आजोबांच्या सगळ्यात जुन्या दोन वह्यांची पानं उलटायला गेलो तर ठोकळ्यासारखी एकत्र निघाली. बाबा काही बोलले नाहीत. ते एकेक पान सुटतं का बघत बसले, अर्धा तास तरी. दोन महापुरांतून वाचवलेलं मी कोरड्या छपराखाली कुजवलं होतं.

ताडपत्री सोडवली तर वरून भांडंभर पाणी अंगावर आलं. एका वाशाचं टोक मऊ पडलं होतं.

ह्यानंतर मात्र मी नीट डीबगिंग करायचं ठरवलं. अंदाज बंद, आधी मोजमाप. ईएसपी-३२ चा छोटा बोर्ड, दोन डीएचटी-२२ सेन्सर आणि पत्र्याला चिकटवलेला एक तापमानाचा सेन्सर. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ दर दहा मिनिटांनी नोंद. एका ठरावीक पहाटेचे आकडे असे: माळ्यावरची हवा २० अंश, सापेक्ष आर्द्रता ८२ टक्के. पत्रा १३ अंश.

आता थोडं शाळेतलं विज्ञान. गरम हवेत जास्त वाफ मावते, थंड हवेत कमी. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, तर १५ अंशांना तेराच्याही थोडी खाली. हवा थंड होत गेली की एका तापमानाला ती 'भरते' आणि उरलेली वाफ पाणी होते. तो दवबिंदू. माझ्या आकड्यांचा दवबिंदू येतो साधारण १६.८ अंश. पत्रा १३ वर. म्हणजे माळ्यावरची हवा पत्र्याला टेकली की पाणी सुटणारच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. बाटली गळत नसते!

पण बाहेरचं तापमान १५-१६ असताना पत्रा १३ वर कसा? तर निरभ्र रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. त्याच कारणाने पहाटे गाडीच्या टपावर दंव असतं. महाड समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत. हिवाळ्यात दिवसा ऊन, पहाटे गारठा आणि सावित्रीच्या खोऱ्यात धुकं. पत्र्याला घाम फुटायला आदर्श जागा.

आणि वाफ येत होती कुठून? ग्राफ बघितला आणि हसू आलं. रोज सकाळी सहा ते आठ आर्द्रतेची उडी. त्या वेळात न्हाणीघरात बंब पेटतो आणि स्वयंपाकघरात भात चढतो. ती सगळी वाफ माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून सरळ वर. शिवाय आपण माणसं नुसते श्वासातून आणि अंगातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडत असतो.

मग हे कौलांच्या वेळी का होत नव्हतं? त्याचं उत्तर मला पोलादपूरला मिळालं. मामाचं घर तालुक्यातल्या एका वाडीत, अजून जुन्या कौलांचं. दुसरा सेन्सर पंधरा दिवस त्याच्या माळ्यावर ठेवला. (मामी विचारत होती, ह्याने उंदीर जातात का?) तिथे चुलीची वाफ, धूर, सगळं वर जातं, पण माळा कोरडा. मामा म्हणाला, "कौलांना फटी असतात रे, घर श्वास घेतं." मला ते जुन्या लोकांचं हळवं बोलणं वाटायचं. पण हिशेब बघा: हजारो कौलं, प्रत्येकाच्या सांध्यात बारीक फट, म्हणजे सगळं पाखं हाच एक मोठा झरोका. वर भाजलेली माती थोडं पाणी शोषून घेते आणि दिवसा उन्हात सोडून देते. पत्रा न शोषतो, न सोडतो. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला; दीडशे वर्षं कोकणाने हे वापरलं आणि त्यातला वायुवीजनाचा भाग फुकट मिळत होता म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही. मी डिपेन्डन्सी काढून टाकली आणि ती काय काम करत होती तेच बघितलं नाही.

कौलं परत घालावीत का? विचार केला. पण ती परतणारी माणसं आता हाताच्या बोटांवर, बाबांना वर चढवत नाही आणि नवी कैची करणं खिशाबाहेरचं. मग शोधता शोधता ब्रीदेबल मेम्ब्रेन सापडलं. थंड देशांत कौलांखाली हे सर्रास घालतात. त्याला मी सोयीसाठी 'श्वास घेणारा पडदा' म्हणतो.

ट्रेकला जाणाऱ्यांना गोअर-टेक्सचं जॅकेट माहीत असेल. बॉब गोअरने १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचं सूक्ष्म छिद्रांचं कापड केलं: पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. छपराचा पडदा ह्याच जातीचा, फक्त बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा आणि तीन थरांचा. वर-खाली न विणलेलं मजबूत कापड, मध्ये अतिसूक्ष्म छिद्रांची पातळ फिल्म. थेंबाच्या मानाने छिद्रं फार लहान, वाफेच्या रेणूच्या मानाने फार मोठी. किती श्वास घेतो ते एका आकड्यावरून कळतं: चांगल्या पडद्याचा वाफेला होणारा अडथळा दोन सेंटीमीटर स्थिर हवेएवढा असतो. साध्या जाड प्लॅस्टिकचा हाच आकडा पन्नास मीटरच्या पुढे जातो. म्हणजे मी ताडपत्री ठोकून माळ्यावर काय केलं होतं ते समजा.

मे २०२४ मध्ये काम काढलं. पत्रे उतरवले, मऊ वासा बदलला. पन्नास मीटर लांब, दीड मीटर रुंद असे दोन रोल लागले. पडदा वळचणीकडून सुरू करून वर आढ्याकडे आडवा नेला, वरचा पट्टा खालच्यावर पंधरा सेंटीमीटर चढवून. त्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, मग पत्रा. ह्या उभ्या पट्ट्या विसरू नका! पडदा आणि पत्रा ह्यांच्यात मोकळी हवा खेळायलाच हवी. आमचे सुतारकाका आधी म्हणत होते, "पट्ट्या कशाला, पत्रा सरळ कापडावर बसवतो, लाकूड वाचेल." पत्रा पडद्याला चिकटला तर छिद्रांवर पाण्याचा थर बसतो आणि वाफेचा रस्ता बंद. हे मी त्यांना फ्रिजमधली बाटली काढून तिला रुमाल गुंडाळून दाखवलं. रुमाल भिजला. काकांनी मान डोलावली आणि पट्ट्या कापायला घेतल्या.

वळचणीला हवा आत यायला फट, तिला उंदीर-पाखरांसाठी जाळी. आढ्याशी हवा बाहेर जायला फट, वर टोपी. बंद केलेले दोन्ही झरोके उघडले, तुषार येऊ नयेत म्हणून तिरप्या पट्ट्यांचे केले. आणि पडदा जास्त दिवस उन्हात उघडा ठेवायचा नाही, तो उन्हाने खराब होतो. म्हणून रोज जेवढा टाकला तेवढा त्याच आठवड्यात झाकला.

खाली न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन. खरं सांगू? निम्मा फायदा ह्या दोन पंख्यांचा असावा. वाफ वर जाऊच दिली नाही तर पडद्याला काम कमी.

आणि एक शेवटची गोष्ट: आढ्याजवळ दोन फूट रुंद, अडीच फूट लांब झडप. काचेची, आतून उघडणारी, खाली पक्की शिडी. उन्हाळ्यात गरम हवा जायला. आणि पुन्हा तशी रात्र आली तर डोकं बाहेर काढायला. बाबांनी ती स्वतः चार वेळा उघडून-मिटून बघितली.

आता प्रामाणिकपणे निकाल. जानेवारी २०२५ मध्ये पहाटे पत्र्याला आतून घाम येतच होता! बाहेरच्या हवेतली वाफही थंड पत्र्यावर बसते, ते थांबत नाही. पण थेंब पडद्यावर पडतात आणि उतारावरून वळचणीला जातात. ऊन आलं की उरलेलं सुकतं. माळ्याच्या फळ्या कोरड्या. पहाटेची आर्द्रता ८२ वरून सत्तरच्या आत आली.

पावसाळ्यात मात्र चमत्काराची अपेक्षा नको. बाहेरच आर्द्रता नव्वदच्या वर असेल तर श्वास घेणारा पडदा तरी काय करणार, आत-बाहेर सारखंच. ह्या गोष्टी थंड देशांसाठी केलेल्या, जिथे वाफ बहुतेक वेळ आतून बाहेर जायला बघते. बुरशीला साधारण ७५-८० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की पुरतं, आणि कोकणात जुलैत ती टिकतेच. म्हणून कागद आणि कापडं आता घट्ट झाकणाच्या पिंपात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पाऊस गेला की दसऱ्याच्या आसपास सगळं उन्हात. ही पद्धत अर्थात आजीचीच, पुड्या तेवढ्या माझ्या :-)

जुन्या दोन वह्या गेल्या त्या गेल्या. थोडी पानं सुटली, त्यांचे फोटो काढून ठेवलेत. २००५ ची वही वाचली. मी सगळ्या नोंदी टाइप करून क्लाउडवर टाकल्या, तीन ठिकाणी कॉपी. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं केलंस. पण त्या रात्री फोन बंद होता ना?"

त्यांनी एक नवी वही आणलीय. २०२१ ची नोंद त्यांनी आठवून लिहिली: वरून तिसरी पायरी, पाणी उतरायला लागल्याची वेळ, सगळं. पुढच्या पानांवर गेल्या हिवाळ्याच्या नोंदी आहेत. माझा सेन्सर चालू असताना ते रोज सकाळी शिडीवर चढून माळ्याच्या फळीला हात लावून बघत होते आणि तारीख टाकून एक शब्द लिहीत होते. पूर्ण जानेवारीभर एकच शब्द आहे: कोरडं.

फक्त एका दिवशी लिहिलंय, "ओलसर. आईने पंखा लावला नव्हता." सेन्सरच्या ग्राफमध्ये त्या दिवशी खरंच उडी आहे.

असो. पाऊस तोंडावर आलाय, पुढच्या शनिवारी घरी जाऊन वळचणीची जाळी साफ करायची आहे. तुमच्या घरी पत्रे असतील तर एखाद्या थंडीच्या पहाटे माळ्यावर जाऊन हात लावून बघा. आणि वडील म्हणाले की गळतंय, तर आधी ऐका.